व इतर तेरा

भाचीच्या जात पडताळणीला
पन्नास सालाआधीचा कागद लागतो.
भाऊ बदलीवर चंद्रपूरला, म्हणून
गेले तीन मंगळवार अभिलेख कक्षाच्या बाकावर मी,
पर्समध्ये दोन प्रतिज्ञापत्रं
आणि आजोबांचं नाव:
कचरू भिवा पगारे, राहणार विहितगाव.

शाळेत ते गेलेच नव्हते.
जमीन नव्हती, म्हणून उतारा नाही.
जन्म कुठल्याशा पोळ्याच्या आदल्या दिवशी;
आधीची दोन पोरं गेली म्हणून हा कचरू,
मरणानं उकिरडा समजून पुढं जावं
एवढंच त्या नावाचं मागणं.

"पण त्यांना पकडलं होतं," मी शिपायाला सांगितलं,
"तीस साली, पंचवटीत.
देवळाच्या पूर्वेच्या दारासमोर बसले होते."
"मग घावंल," भोये म्हणाला.
"पोलीस नाव लिहितेतच."

लाल रुमालाची गाठ सुटली. धूळ. शिंका.
कागद मोडीत, म्हणून वाचायला गर्गे गुरुजी,
पानाला पन्नास रुपये.
त्यांचं बोट ओळींवरून उतरत गेलं
शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरावं तसं:
नाव, बापाचं नाव, गाव, जात.
नाव, बापाचं नाव, गाव, जात.
मग लिहिणारा थकला असावा,
किंवा दौत आटली,
किंवा त्याच्या जेवणाची वेळ झाली.

"व इतर तेरा असामी."

गुरुजींनी चष्मा काढला.
"या पानाचे राहू द्या," म्हणाले.
मी दिले.

तेरा.
त्यातले एक माझे असतील, नसतीलही.
देवळाली कॅम्पात गोऱ्यांच्या भटारखान्यात
बटाट्याची साल न तुटू देता सोलणारे,
डाव्या भुवईवर खोक.
लहानपणी मी तिच्यात बोटाचं टोक ठेवायची,
बरोब्बर बसायचं.
"दगड कुठला होता, आबा?"
"इथलाच. काळा."

एकदा म्हणाले,
"उभं राहणं सोपं असतं, पोरी.
मार पडला की उभा माणूस पळतो.
बसलेल्याला आधी उठावं लागतं,
तेवढ्यात त्याला विचार करता येतो."

पुढं दार उघडलं. हे गेले नाहीत.
"मला आत काय काम होतं?
मला दार पाहिजे होतं."
छप्पनला देवच सोडला त्यांनी,
दार मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही;
तापात बडबडायचे, सरका, सरका,
म्हातारीला पुढं बसू द्या, उन्हात बसलीय ती.
कोण म्हातारी?
आजीला ठाऊक नव्हतं.
ती तेरातली दुसरी असेल का?

ज्यांची नावं आहेत
त्यांच्यापुढे जात आहे, ठळक, वळणदार.
या तेरांपुढे काही नाही.
त्या एका ओळीत
तेरा माणसं नुसती माणसं म्हणून बसलीत,
लिहिणाऱ्याच्या आळसामुळे.
याचं मला बरं वाटावं की वाईट,
ठरत नाही.
आणि भाचीच्या प्रवेशाची मुदत
येत्या सोमवारी संपते.

बाहेर पडले ती रिक्षा करून थेट पंचवटी.
पूर्वेचं दार. चपलांचा ढीग, फुलवाल्या,
सेल्फी काढणारं एक नवं जोडपं.
समोरच्या पायरीवर बसले.
दगड तापलेला होता,
बसल्यावर कळलं किती.

वॉचमन आला, पोरसवदा, आवाज मऊ:
"मावशी, दर्शन घ्यायचं तर आत जा ना.
वाटेत बसू नका."

"उठते," म्हटलं.
"जरा वेळ लागतो."